बोटीवर घट्ट ओवलेलं मोतीकाम घरी आल्यावर सैल का पडतं?

तक्रार एकच आहे आणि ती माझ्या बाबतीत तीन वेळा झाली. बोटीवर ओवलेलं तोरण केबिनमध्ये असताना इतकं घट्ट, की दोन मण्यांमध्ये नखाचं टोक शिरत नाही. साइन ऑफ करून गुहागरला घरी आलो, आईने ते दारावर लावलं, आणि आठवडा व्हायच्या आत मण्यांच्या मधून तंगूस, म्हणजे ओवायचा पारदर्शक नायलॉनचा दोरा, डोकावायला लागला. खालची कमळं एका बाजूला कलंडली. लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं. आईला मात्र दुसऱ्याच दिवशी दिसलं. "हाताला ताण कमी पडला का रे?" एवढंच ती म्हणाली.

मी किनारी जहाजावर सुकाणी आहे. सौराष्ट्रातल्या बंदरात सुटं सिमेंट भरायचं आणि मुंबई, मंगळूर, कोचीपर्यंत उतरवत जायचं, हा आमचा फेरा. माझा वॉच बारा ते चारचा, दुपारी आणि रात्रीही. मोतीकाम आईकडून आलं. ती ताटाभोवतीच्या महिरपी, रुखवताचे रुमाल, गौरीचे हार करायची आणि मी शेजारी बसून मणी निवडून द्यायचो. बोटीवर लागलो तेव्हा पहिल्याच फेरीला तिने एक डबा सोबत दिला. ते काम मला सोडायचं नाही, म्हणूनच या सैल पडण्याच्या मागे मी दोन वर्षं लागलो होतो. किनारी जहाजांवर, बार्जवर, टगवर काम करणाऱ्या आणि हाताला असा काही छंद असलेल्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

आधी न चाललेले उपाय सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिल्यांदा मी ताण वाढवला. त्याने काचमण्यांच्या कडा तंगुसाला कापायला लागल्या आणि दोन ठिकाणी ओळच तुटली. मग प्रत्येक ओळीतून तंगूस दुहेरी फिरवला. काम ताठ झालं, पण घरी येऊन सैल पडायचं ते पडलंच. गाठींवर नेलपॉलिश लावून पाहिलं. गाठी जागच्या हलल्या नव्हत्या, सैलपणा गाठींतून येतच नव्हता. बोट डोलते म्हणून हात एकसारखा राहत नसेल, असं समजून एक अख्खं तोरण मी फक्त नांगरावर असताना ओवलं. तेही सैल पडलं.

कोडं सुटलं ते आमच्या सारंगांमुळे, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांमुळे. रत्नागिरीकडचे, आयुष्य दोरखंडात गेलेलं. मेसमध्ये मी तोरण उसवत बसलो होतो. त्यांनी एक मोकळं टोक दोन बोटांत धरून चोळलं आणि विचारलं, "हा नायलॉनच ना? मग ओला झाल्यावर लांबेल, त्यात तुझा काय दोष? आपला बांधायचा दोर बघत नाहीस का?" जेटीवर बांधलेला नायलॉनचा दोर भिजला की किती ताणतो आणि सैल पडतो, हे मी रोज बघत होतो. तोच नायलॉन माझ्या डब्यात पाव मिलिमीटर जाडीचा होऊन बसला आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कारण

नायलॉन हवेतली ओल पितो. नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास, आणि दमट हवेत त्याहून बरीच जास्त. ओल धरली की तो थोडा लांबतो, मऊ पडतो आणि त्याची ताकदही काहीशी उतरते. पॉलिस्टर याच हवेत अर्धा टक्कासुद्धा ओल धरत नाही. माझी केबिन वातानुकूलित, हवा कोरडी ठाक. तिथे तंगूस आखडलेला असायचा आणि मी त्या आखडलेल्या तंगुसाला मोजून मणी घट्ट बसवायचो. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, श्रावणातली हवा, दारावरचं तोरण. तिथे तंगूस ओल धरून लांबला, मणी होते तेवढेच राहिले, आणि उरलेली लांबी मण्यांच्या मधून दिसायला लागली.

उलटंही होतं. खिडक्या उघड्या टाकून, दमट हवेत केलेला मण्यांचा रुमाल वातानुकूलित खोलीत नेला की त्याला कडेने चुण्या पडतात. तक्रार वेगळी वाटली तरी मूळ एकच.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते बघायला फार काही लागत नाही. एकाच रिळावरचे हातभर लांबीचे दोन तुकडे कापा. एक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दुसरा दोन दिवस न्हाणीघरात टांगा. मग दोन्ही शेजारी ताणून धरा. लांबीत आणि मऊपणात फरक जाणवला तर दोष हाताचा नाही, दोऱ्याचा आहे.

दोरा

पारदर्शक तंगूसच हवा असा हट्ट नसेल, तर तो सोडा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पॉलिथिलिनची विणलेली बारीक लाईन मिळते, तिला सगळे ब्रेडेड लाईन म्हणतात. ती पाणी पीत नाही, ताणत नाही, काचेच्या कडेलाही सहजी दाद देत नाही. तिच्या दोन खोडी आहेत. गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ हळूच सुटते, म्हणून दोन वेढ्यांची गाठ मारायची आणि टोक पाच-सहा मण्यांतून उलटं फिरवून आणायचं. आणि रंगीत लाईन नवी असताना बोटांना रंग लावते. पांढऱ्या मोत्यांसाठी ती आधी धुवून, जुन्या फडक्यातून ओढून घ्या. कात्रीला धार हवी, नाहीतर टोकाचा झुपका होतो आणि तो सुईत जात नाही.

तंगूसच वापरायचा असेल, आणि देवघरातल्या मोत्यांच्या कामाला तो शोभतो हे मला मान्य आहे, तर तीन गोष्टी करा. लागेल तेवढा तुकडा आधीच कापून हातात चोळून जरा ऊब द्या, म्हणजे रिळाचा वळ जातो. मग त्याला वजन बांधून रात्रभर टांगा. मी इंजिनरूममधून मागून आणलेला अर्धा किलोचा जुना नट वापरतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: शेवटची गाठ बोटीवर मारायचीच नाही. प्रत्येक ओळीला वीतभर शेपूट सोडायचं, त्यावर एक मोठा मणी तात्पुरता अडकवायचा आणि काम तसंच घरी न्यायचं. जिथे ते कायमचं लागणार आहे त्या खोलीत दोन दिवस टांगून ठेवायचं. तंगूस तिथली हवा धरतो, तेव्हा उरलेली ढील ओढून घ्यायची आणि मग गाठी मारायच्या. आता मी गाठी मारायला आईसोबत बसतो. तिची नजर अजून माझ्यापेक्षा बारीक आहे.

मीठ

सारंगांनी त्या दिवशी दुसरा एक प्रश्न विचारला होता, "मीठ धुतलंस का?" तो मला पटायला वेळ लागला, कारण माझा डबा कधी पाण्यात पडलाच नव्हता. पण मीठ पाण्यातून यायला लागत नाही. वाऱ्यातून येतं, बाहेरून आलेल्या हातांवरून येतं, कठडा धरलेल्या बाहीवरून येतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतं. दोऱ्यावर मिठाचा अगदी पातळ थर असला तरी तो दोरा समुद्राकाठच्या हवेत कधी पुरता सुकत नाही. दिवसभर वाळवा, संध्याकाळी तो परत चिकट. सुई गंजते ती यामुळेच.

एकदा वॉचची हाक आली म्हणून सुई कामातच टोचून उठलो. नंतर हवामान बिघडलं आणि चार दिवस डबा उघडला नाही. उघडला तेव्हा सुई ज्या पांढऱ्या मोत्यात होती त्याच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं, आणि शेजारच्या दोन मोत्यांवर त्याची फिकट सावली. लिंबाने पुसून पाहिलं तर मोत्याचा मुलामाच निघाला. शेवटी ते तीन मोती फोडून काढले. याची एक रीत आहे: मण्याच्या भोकात दोऱ्याशेजारून दुसरी जाड सुई सरकवायची, वर फडकं धरायचं आणि पक्कडीने मणी दाबायचा. मणी फुटतो, दोरा सुईच्या आडोशाने वाचतो. मग रिकाम्या जागी नवा मोती भरून घ्यायचा. काचमणी असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच.

तर आता नियम असा. बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात गोड्या पाण्याने धुवायचे, मगच डबा उघडायचा. उठताना सुई कामातून काढायची, पुसायची आणि मेणाच्या खड्यात खुपसून ठेवायची. तेल लावू नका, ते दोऱ्याला आणि मोत्याला डाग पाडतं. फेरी संपली की पूर्ण झालेला काचमण्यांचा भाग गोड्या पाण्यात बुडवून काढायचा, टॉवेलवर टिपायचा, सावलीत वाळवायचा. प्लास्टिकचे मुलामा दिलेले मोती बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कड्या, आकडे, हुक असं जे धातूचं लागतं ते ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या. साध्या ३०४ वर खाऱ्या हवेत चहासारखे डाग धरतात. पितळेवर हिरवा कळंक येतो तो वेगळाच.

मणी निवडतानाही हीच कसोटी. खरेदीच्या दिवशी प्रत्येक रंगाचे दहा मणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर घासा. आतून चांदीचं अस्तर असलेले मणी काळवंडतात, वरून रंगवलेले रंग सोडतात. ज्यांची काचच रंगीत आहे ते जसेच्या तसे राहतात. आणि दगडाचे मणी असतील तर विचारायलाच नको. खंभातचा अकीक मी आता आवर्जून आणतो. आमचा फेरा ज्या किनाऱ्याने जातो तिथलाच तो. खंभातच्या आखाताच्या डोक्याशी लोथल आहे. तिथे १९५५ ते १९६० या काळात एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, तेव्हा हडप्पा काळातला मणी बनवण्याचा कारखाना सापडला. सौराष्ट्रातल्या घरांच्या दारांवरचं मोतीभरताचं, म्हणजे तिथल्या मणीकामाचं, तोरण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच थबकलो होतो. त्यातले जुने काचमणी परदेशातून समुद्रमार्गेच आलेले. मणी आणि गलबतं यांची सोबत माझ्या डब्यापेक्षा फार जुनी आहे, हे कळल्यापासून केबिनमध्ये एकट्याने ओवत बसायला मला बरं वाटतं.

सांडणारे मणी

लोक आधी हेच विचारतात, म्हणून थोडक्यात. चालत्या बोटीवर सुटे मणी उघड्यावर ठेवायचेच नाहीत. किनाऱ्याला समांतर जाताना पावसाळ्यातली नैर्ऋत्येची लाट बरोबर कुशीवर येते, आणि बोट डोलते ती आडवी. तेव्हा वाटी, ताट, काही टिकत नाही. मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर ओली चादर टाकतात, ती युक्ती ताटांना चालते, मण्यांना नाही.

उपाय घरी करायचा. ११ नंबरचे बारीक मणी दहा ग्रॅममध्ये साधारण ११०० भरतात आणि ओवल्यावर दीड मीटरच्या आसपास सर होतो. नक्षीच्या क्रमाने ते सगळे घरीच दोऱ्यात ओवून रिळावर गुंडाळून न्यायचे आणि बोटीवर क्रोशाच्या सुईने विणायचं. एकही मणी सुटा नाही. लाटेने काम हातातून पडलं तरी उचलून पुढे सुरू. मी गेल्या पावसाळ्यात दोन गोफ असेच विणले. तंगुसातलं, एकेक मणी उचलून करायचं काम फक्त नांगरावर किंवा हिवाळ्यातल्या शांत समुद्रात. त्यासाठी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात आतून मखमल चिकटवली आहे, मणी तिच्यात रुततात. टर्किश टॉवेल नको, त्याचे फासे सुईत अडकतात.

सुया पकडून ठेवायला काही जण लोहचुंबक वापरतात. केबिनमध्ये ठेवा, पण खिशात घालून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नेऊ नका. होकायंत्राजवळ चुंबक म्हणजे खेळ नाही, हे मी सुकाणूवर उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो.

तंगुसाचे कापलेले तुकडे आणि प्लास्टिकचे मणी समुद्रात टाकायचे नाहीत. मार्पोल या जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या अनुबंधाने ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजावरून कोणतंही प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी आहे, त्यात हा बोटभर तुकडाही आला. आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. तंगूस त्यांच्या गळ्यात आणि पोटात काय करतो ते मला वेगळं सांगायला नको. माझ्याकडे झाकणाची एक डबी आहे, ती भरली की जहाजाच्या प्लास्टिकच्या कचऱ्यात रिकामी करतो.

वेळ आणि डोळे

किनारी फेऱ्यांत खरी ओढाताण इथे असते. लांबच्या समुद्रात पंधरा-वीस दिवस एकसारखे जातात. आमच्याकडे दोन-तीन दिवसांनी बंदर, दोर बांधा, सोडा, झोप तुटलेली. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या खलाशांच्या कामाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. कागदावर मोतीकामही विश्रांतीतच मोजलं जातं, पण शरीर ते तसं मोजत नाही. एका फेरीत मी पहाटे साडेचारला वॉचवरून येऊन सात वाजेपर्यंत ओवत बसायचो. तिसऱ्या दिवशी नक्षीत चूक, पाचव्या दिवशी सुकाणूवर डुलकी. त्या डुलकीची मला आजही लाज वाटते. त्यानंतर रात्रीच्या वॉचनंतर डबा उघडणं बंद. आता फक्त दुपारचा वॉच संपल्यावर, साडेचार ते सहा, आणि बंदरात शिरायच्या आदल्या दिवशी तेही नाही.

रात्रीच्या वॉचआधी तर मुळीच नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या दिव्याखाली मण्यांवर नजर लावून थेट ब्रिजवर गेलात तर समोरची मच्छीमार होडी, तिचा मिणमिणता दिवा, दिसणार नाही. किनाऱ्याने जाताना अशा होड्या शेकड्यांनी असतात, आणि त्यांत आपल्याच गावची माणसं असतात.

रंग दिवसाच्या उजेडात घरी निवडा. मोरपंखी आणि गर्द हिरवा केबिनच्या दिव्याखाली एकच दिसतात. आणि एका कामाचे सगळे मणी एकाच लॉटचे, थोडे जास्तच घ्या. भुलेश्वरला किंवा पुण्यात बोहरी आळीत गेलं की मिळेल, पण मंगळूरच्या नांगरावर वीस मणी कमी पडले तर काम तिथेच अडतं.

बोट लागण्याचा त्रास असेल तर बंदर सोडल्यावर पहिले दोन दिवस हात लावू नका. खाली मान घालून बारीक कामाकडे बघत राहिलं की तो हमखास वाढतो. तेव्हा वर यावं, क्षितिजाकडे बघावं. मणी कुठे जात नाहीत.

राहता राहिला प्रश्न ट्रॉलरवरच्या आणि होडीवरच्या मंडळींचा, जिथे ना केबिन, ना कोरडी हवा. तुमच्याकडे सैल पडण्याची तक्रार उलट कमी येईल, कारण तुम्ही दमट हवेतच ओवता आणि घरही तशाच हवेतलं. तुमचा शत्रू मीठ. काम झाकणाच्या डब्यात, डबा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बोटीवर फक्त आधी ओवून आणलेलं क्रोशाचं काम. सुटे मणी तळाच्या पाण्यात गेले तर पंपाच्या जाळीत जाऊन बसतील, आणि ते काढायची वेळ नेमकी वाऱ्यात येईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ओवायचं, गाठी मारायचं सगळं काम त्या दोन महिन्यांत उरका, नारळी पौर्णिमेपर्यंत रिळं भरून तयार ठेवा.